सरपंच म्हणाले

२०१८ च्या जुलैत माझ्या टेबलावर दोन कागद पडले होते. एकावर पंधरा ऑगस्टच्या पुरवणीसाठी तालुक्यातून किती रुपयांच्या जाहिराती आणायच्या, ते टार्गेट होतं. दुसरा कागद म्हणजे औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या एम.ए.चा प्रवेश अर्ज. (शहराचं नाव आता बदललंय. माझ्या गुणपत्रकावर जुनं आहे, म्हणून इथंही जुनंच लिहितो.) टार्गेट मागच्या वर्षीच्या दीडपट होतं आणि मागच्याच वर्षीच्या दोन जाहिरातींचे पैसे अजून वसूल व्हायचे होते. एक होती पंचायत समितीच्या एका सदस्याच्या वाढदिवसाची, दुसरी एका कृषी सेवा केंद्राची. मी अर्ज भरला. ज्ञानाच्या ओढीनं गेलो असं सांगायला बरं वाटलं असतं, पण मी वसुलीला कंटाळून गेलो.

तेव्हा मी तीस वर्षांचा होतो. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सात वर्षं एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी होतो. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालुका प्रतिनिधीला ओळखपत्र मिळतं, पगार मिळत नाही. मिळतं ते जाहिरातींवरचं कमिशन. त्यामुळं सकाळी ज्याच्याविरुद्ध बातमी लिहायची, संध्याकाळी त्याच्याकडंच अर्ध्या पानाची शुभेच्छा मागायला जायचं, अशी ती नोकरी. माझं झेरॉक्सचं दुकान होतं, ते भावानं सांभाळलं. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, म्हणून मला दोन वर्षं शिकायला जाता आलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ‘जिद्दीनं शिकला’ छापाच्या बातम्या मीही लिहिल्यात, आणि त्यात घर कुणाच्या पगारावर चालत होतं ते कधी लिहिलं नाही.

अंबाजोगाई, केज, बीड, गेवराई असं करत एसटीनं औरंगाबादला पोचलो. बेगमपुऱ्यात तिघांत एक खोली घेतली. तिथून मकबऱ्याच्या अंगानं चालत विद्यापीठात जायचं. मागं लेण्यांचे डोंगर, पायथ्याला सोनेरी महाल. वर्गातली बाकीची पोरं एकवीस-बावीसची, जालना, परभणी, हिंगोली, बीडची. पहिल्या दिवशी मला ती ‘सर’ म्हणाली, दुसऱ्या दिवसापासून ‘दादा’.

पहिलं सत्र मी थोड्या गुर्मीतच काढलं. बातमी कशी लिहायची हे मला कोण शिकवणार? पाच डब्ल्यू आणि एक एच (कोण, काय, कधी, कुठं, का आणि कसं), उलटा पिरॅमिड, हे फळ्यावर आलं तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. सात वर्षं रोज संध्याकाळी मोबाईलवर तीन-चार बातम्या टाईप केलेल्या माणसाला पिरॅमिड उलटा असतो हे हाताला माहीत असतं. डेस्कवाला, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या तपासणारा, बातमी खालून कापतो, म्हणून महत्त्वाचं वर. त्यात काय एवढं.

घाम फुटला तो सिद्धान्तांच्या पेपरला. पुस्तकं इंग्रजीत. आणि मराठी नोट्समध्ये जे शब्द होते ते इंग्रजीपेक्षा अवघड. कम्युनिकेशनला संज्ञापन. अजेंडा सेटिंगला विषयपत्रिका निश्चिती. गेटकीपरला द्वारपाल. द्वारपाल म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर देवळातले जय-विजय यायचे. पण तोच भाग मला सगळ्यात आधी कळला. डेव्हिड मॅनिंग व्हाइट नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९५० मध्ये एका छोट्या शहरातल्या दैनिकाच्या संपादकाला ‘मिस्टर गेट्स’ असं टोपणनाव देऊन त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेवरून येणाऱ्या बातम्यांपैकी कुठली घेतली, कुठली टाकली आणि का टाकली, हे त्या संपादकानं आठवडाभर लिहून दिलं होतं. दहातल्या नऊ बातम्या टाकल्या जात होत्या. कारणं काय, तर जागा नाही, कंटाळवाणी आहे, आधीच छापलंय. आमच्या जिल्हा कार्यालयातला डेस्कवाला हुबेहूब असाच. मी खूश झालो. माझ्या न छापलेल्या सगळ्या बातम्यांचा गुन्हेगार सापडला, तोही सिद्धान्तासकट. मी वर्गात हे जोरात सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या डेस्कपर्यंत जे पोचलंच नाही, ते कुणी टाकलं?”

मी म्हणालो, “कुणी म्हणजे?”

“तालुक्यात पहिलं गेट कोण?”

वर्ग हसला. मीही हसलो. कळलं काही नव्हतं.

पहिल्या वर्षातलं एक प्रात्यक्षिक मात्र तेव्हाच लागलं. १४ जानेवारी, म्हणजे बाकी महाराष्ट्रासाठी बहुतेक वर्षी संक्रांत. आमच्या विद्यापीठाच्या गेटवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला, त्यावरून मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, लाँग मार्च निघाला, आणि शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नाव बदललं. ‘मराठवाडा’ हा शब्द ठेवून आधी बाबासाहेबांचं नाव जोडलं, म्हणून सरकारी शब्द नामविस्तार. लढणाऱ्यांच्या तोंडी अजूनही नामांतर. आम्हाला २०१९ च्या त्या दिवसाची पाचशे शब्दांची बातमी करायची होती. मी सकाळी गेलो, दोन तास फिरलो, खोलीवर येऊन अर्ध्या तासात बातमी ठोकली. पहिलं वाक्य: ‘विद्यापीठ गेटवर आज भीमसागर उसळला.’

मॅडमनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला. बाजूला लिहिलं, ‘सागरात किती माणसं असतात?’ खाली आणखी प्रश्न होते. पुस्तकांचे स्टॉल किती होते? सगळ्यात जास्त काय विकलं गेलं? तुम्ही पहिल्या परिच्छेदात नामविस्तार लिहिलंय आणि चौथ्यात नामांतर. कुठला शब्द कुणाचा, हे ठरवून लिहिलंय की हाताला आलं तसं? मला राग आला. कारण ‘सागर’ हा शब्द मी दर वर्षी वापरला होता. पालखीला भक्तीचा सागर, मोर्चाला जनसागर. एकाही डेस्कवाल्यानं तो कधी कापला नव्हता.

त्यानंतर रेडिओचं प्रात्यक्षिक झालं, तिथं माझ्या ‘न’ आणि ‘ण’चे हाल झाले. ‘पानीपुरवठा’ असं मी नऊ वेळा वाचलं आणि दहाव्यांदा बरोबर वाचलं तेव्हा ऐकणाऱ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो विषय तिथंच सोडतो.

पैशांसाठी मी ‘कमवा आणि शिका’ योजनेत नाव घातलं. काम मिळालं ग्रंथालयात. वर्तमानपत्रं लावायची, जुन्या अंकांचे गठ्ठे काढून द्यायचे, परत ठेवायचे. जुन्या वर्तमानपत्रांना एक वास असतो, किंचित आंबूस, आणि धुळीनं शिंका येतात. पण सात वर्षं मी बातम्या फक्त पाठवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी छापून आलेलं कात्रण कापून फायलीत लावलं की त्या बातमीशी माझा संबंध संपायचा. तिथं त्या सगळ्या तारखेनं एकावर एक पडलेल्या होत्या. माझं काम सुटायचं तरी मी तिथंच बसलेला असायचो.

तिथूनच लघुशोधप्रबंधाचा विषय निघाला. २०१६ चा दुष्काळ. तो मी तालुक्यात बसून लिहिला होता. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये १४४ कलम लावलेलं. आणि १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मी त्या पहाटे लातूर स्टेशनवर होतो. ती आमच्या पिढीच्या पत्रकारांची मोठी बातमी. दिल्लीची चॅनेलं आली होती, लोक वाघिणीला हात लावून फोटो काढत होते. मला वाटलं, या दुष्काळाचं वार्तांकन हा विषय आपल्याला सोपा जाईल. आपण तर तिथंच होतो.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही तिथं होतात, हीच अडचण आहे. आशय विश्लेषण करा. मोजा.”

आशय विश्लेषण म्हणजे छापलेल्या मजकुराची पद्धतशीर मोजणी. ऐकायला कारकुनी वाटतं आणि आहेही. लातूर जिल्ह्यात वाचली जाणारी दोन दैनिकं घेतली. फेब्रुवारी ते मे २०१६ हे चार महिने. रोजचा अंक मोजणं एका माणसाला अशक्य, म्हणून रचित सप्ताह करायचा. म्हणजे या चार महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठीनं एक सोमवार काढायचा, सगळ्या मंगळवारांतून एक मंगळवार, असा सात दिवसांचा कृत्रिम आठवडा. सलग आठवडा का नको? कारण रविवारी कचेऱ्या बंद, त्यामुळं सोमवारच्या अंकात सरकारी बातम्या कमी. रविवारचा अंक पुरवण्यांचा. एखाद्या आठवड्यात मंत्र्यांचा दौरा असतो आणि सगळा अंक त्यानंच भरतो. पत्रकाराला हे सगळं माहीत असतं, पण ते संशोधनाच्या पद्धतीतही बसवलेलं असतं हे मला माहीत नव्हतं. मी असे तीन सप्ताह काढले. चिठ्ठ्या मकबऱ्याशेजारच्या चहाच्या टपरीवर उचलल्या, खोलीतल्या दोस्तानं.

मग कोडिंग शीट. प्रत्येक बातमीला एक ओळ. पान कितवं, किती कॉलमी, फोटो आहे का, गाव की शहर. आणि मुख्य रकाना स्रोताचा. बातमीत बोलतंय कोण? अधिकारी, पुढारी, तज्ज्ञ की दुष्काळ सोसणारा माणूस? आणि त्याच्या शेजारचा रकाना होता, बाई की पुरुष.

या शेवटच्या रकान्यानं मला मराठी नव्यानं शिकवली. इंग्रजी पुस्तकातल्या शीटमध्ये बोलणाऱ्याचं नाव बघून ठरवा असं होतं. मराठीत नावाची गरज नाही, क्रियापद सांगतं. ‘तहसीलदार म्हणाले’ आणि ‘तहसीलदार म्हणाल्या’. पण लगेच लक्षात आलं की मराठी बातमीला हे लपवायचंही कसब आहे. ‘ग्रामस्थांनी सांगितले’ असं लिहिलं की बाई-पुरुष गायब. आणि ‘असे सांगण्यात आले’ लिहिलं की माणूसच गायब. कोण बोललं, कुणाला बोललं, काही पत्ता नाही, वाक्य मात्र पूर्ण. मी सात वर्षांत ‘सांगण्यात आले’ किती वेळा लिहिलं असेल? प्रेसनोट आली की ती तशीच उतरवायची, शेवटी ‘असे कळविण्यात आले आहे’. माझ्या शीटमध्ये ‘स्रोत अस्पष्ट’ असा रकाना सुरुवातीला नव्हताच. दुसऱ्या दिवशी घालावा लागला, आणि तो भराभर भरायला लागला.

फोटोंचं उलटं होतं. बातमीत बोलणाऱ्या बाया शोधाव्या लागत होत्या आणि फोटोत बायाच बाया. डोक्यावर घागर, कडेवर घागर, टँकरला गराडा. फोटोखाली ‘पाण्यासाठी वणवण’. नाव एकीचंही नाही. मी काढलेलेही त्यात दोन फोटो होते. त्यातला एक काढताना मी टँकरवाल्याला दोन मिनिटं पाइप सोडू नकोस म्हणालो होतो, गर्दी नीट यावी म्हणून. हे कोडिंग शीटमध्ये कुठल्या रकान्यात घालायचं?

आशय विश्लेषणात एकट्याच्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या माणसानं तेच नियम वापरून त्याच बातम्या तपासायच्या आणि दोघांचं किती जुळतं ते बघायचं. सूत्र होल्स्टीचं. जुळलेल्या निर्णयांची दुप्पट भागिले दोघांच्या निर्णयांची बेरीज. माझी दुसरी कोडर जालन्याची वर्गमैत्रीण होती, माझ्याहून आठ वर्षांनी लहान आणि चौपट काटेकोर. स्रोताच्या रकान्यासाठी आम्ही चाळीस बातम्या वेगवेगळं बसून तपासल्या. एकतीस जुळल्या. बासष्ट भागिले ऐंशी, ०.७८. मॅडम म्हणाल्या, कमी आहे, भांडा.

आम्ही कँटीनला बसून भांडलो. पालकमंत्री कुठं घालायचे? ते पुढारी आहेत की शासन? ठरलं, दौऱ्यावर बोलले तर पुढारी, बैठकीत आदेश दिला तर अधिकारी. हे तसं लवकर मिटलं. अडलं सरपंचावर. मी सगळे सरपंच ‘पुढारी’त घातले होते. तिनं काही ‘दुष्काळग्रस्त’मध्ये घातले होते.

“सरपंच पुढारीच की गं.”

“दादा, ह्या बातमीत सरपंच म्हणतोय, आमची बोअर आटली, जनावरं विकली. तो पुढारी म्हणून बोलतोय का? त्याच्या घरी पण पाणी नाही.”

मान्य करावं लागलं. मग ती म्हणाली, “आणि ही बघ. ही तर तू पुरुष म्हणून कोड केलीयेस.”

“सरपंच म्हणाले, असं स्पष्ट लिहिलंय.”

“वर नाव वाच.”

नाव बाईचं होतं. बातमीत आधी ‘सरपंच सौ. अमुक’ असा उल्लेख, आणि दोन ओळी खाली ‘सरपंच म्हणाले’. मी म्हणालो, डेस्कची चूक असेल, मुद्रितशोधन नीट झालं नाही. तिनं बातमीच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘तालुका प्रतिनिधी.’ खाली आमच्या तालुक्याचं नाव.

बातमी माझी होती. गंमत अशी की मी ती दोनदा वाचून कोड केली होती आणि माझी म्हणून ओळखली नव्हती. भाषा इतकी सगळ्यांसारखी.

मुद्रितशोधनाचा काही संबंध नव्हता. ‘म्हणाले’ हे अगदी खरं होतं, कारण मी बोललो होतो नवऱ्याशीच. माझ्या मोबाईलमध्ये त्या गावाच्या नावापुढं ‘सरपंच’ असं लिहून जो नंबर होता, तो नवऱ्याचा होता. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. म्हणजे माझ्या तालुक्यात निम्म्या सरपंच बाया असायला हव्यात. मी त्या रात्री खोलीवर मोबाईलमधले ‘सरपंच’ लिहिलेले सगळे नंबर काढले. एकही बाईचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कोडिंगच्या सूचना पुन्हा लिहिल्या. ‘सरपंच पती’ असा वेगळा संकेतांक दिला. चाळीसपैकी छत्तीस जुळल्या, ०.९०. मॅडम खूश. माझ्या स्वतःच्या बातम्या नमुन्यात अकरा निघाल्या. त्या मी कोड करायच्या नाहीत, जालन्याच्या बाईंनी करायच्या असं ठरलं. तिनं शीट परत दिलं तेव्हा काही बोलली नाही. अकरापैकी सात बातम्यांत एकच माणूस बोलत होता आणि तो तहसील कचेरीतला होता. मला तो माणूस आठवतो. चांगला होता. फोन लगेच उचलायचा. संध्याकाळी सहाला बातमी पाठवायची असते तेव्हा जो फोन उचलतो तो स्रोत, बाकी सगळे सिद्धान्त नंतर.

पाण्याच्या रेल्वेच्या बातम्या मोजताना आणखी एक गोष्ट दिसली. किती वाघिणी, किती लिटर, किती किलोमीटर, किती तास, सगळं अचूक. मॅककॉम्ब्स आणि शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या शंभर मतदारांना घेऊन केलेला अभ्यास आम्हाला होता. माध्यमं ज्या विषयांना मोठं करतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटतात, हा त्याचा गाभा. मी त्यावर रेल्वेचं उदाहरण देऊन दोन पानं लिहिली. मॅडमनी एकच प्रश्न विचारला: “रेल्वेचं पाणी लातूर शहराला गेलं. त्या दिवशी तुमच्या तालुक्यात पाणी कुठून आलं?”

टँकरनं आणि अधिग्रहण केलेल्या विहिरींतून. हे मला माहीत होतं. पण १२ एप्रिलच्या आसपास मी ते लिहिलं नव्हतं, कारण मी स्टेशनवर होतो. पहिल्या वर्षी विचारलेला पहिल्या गेटचा प्रश्न मला तेव्हा कळला. दीड वर्षानं.

त्याच दिवसांत, ३१ जानेवारी २०२० ला ‘मूकनायक’ला शंभर वर्षं झाली. आमच्या विद्यापीठात त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. वर्गात पहिल्या अंकातला अग्रलेख वाचला. त्याला बाबासाहेबांनी दिलेलं शीर्षक साधं होतं, ‘मनोगत’. पाक्षिकाचे संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं होतं. पहिली दहा मिनिटं मी परीक्षेत काय येईल म्हणून ऐकत होतो, नंतर वही मिटली.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. मी आठवड्याभरासाठी म्हणून दोन शर्ट घेऊन गावी आलो होतो, तो तिथंच अडकलो. फायली ग्रंथालयात, ग्रंथालयाला कुलूप. नशीब म्हणून अडीच सप्ताहांच्या अंकांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवले होते. राहिलेल्या अर्ध्याचे जमतील तसे ई-पेपर शोधले. पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या उन्हात, मोबाईलच्या पडद्यावर कॉलम मोजत बसलो. कॉलम सेंटीमीटरचा रकाना शेवटी काढून टाकावा लागला, फोटोवरून माप घेता येईना. प्रबंधात मर्यादा म्हणून तसं लिहिलं.

मे महिन्यात, थोडी मोकळीक मिळाल्यावर, मोटारसायकल काढून त्या गावी गेलो. आशय विश्लेषणात गावी जायची गरज नसते. पण माझ्याच्यानं राहवेना. सरपंचपद संपलं होतं, बाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत होत्या. मी तोंडाला रुमाल बांधून लांबच उभा राहिलो आणि सांगितलं की चार वर्षांपूर्वी तुमच्या टँकरची बातमी केली होती.

“म्हाईत हाय की. तुमी फोन केला तवा मी हितंच व्हते. यायनी उचलला.”

मी विचारलं, बातमी वाचली होती का?

“वाचली. दोन खेपा चालू हायत म्हणून लिवलं व्हतं तुमी.” मग शेंगा तोडता तोडता म्हणाल्या, “दोन कागदावर व्हत्या. येत व्हती एकच. कवाकवा तीबी नाई.”

त्या आत गेल्या आणि शाळेची शंभर पानी वही घेऊन आल्या. तारखा. टँकर किती वाजता आला, भरून होता की अर्धा, कुठल्या दिवशी आलाच नाही. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. आम्ही औरंगाबादला बसून चार महिन्यांतले एकवीस दिवस चिठ्ठीनं उचलले होते. त्यांच्याकडं रोजचं होतं.

“हे तेव्हा का नाही सांगितलं?”

“कोनाला?”

यावर बोलायला माझ्याकडं काही नव्हतं. नवरा बाहेर आला, त्यानं मला ओळखलं, चहा घ्याच म्हणाला. कोरोनामुळं नको म्हणालो, खरं तर मला तिथून निघायचं होतं.

मी मॅडमना फोनवर सांगितलं की ही वही प्रबंधात घालायचीय. त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. वही हा छापलेला आशय नाही, तुमच्या संशोधन प्रश्नात ती बसत नाही, तिची पडताळणीही तुम्ही केलेली नाही. मी वाद घातला, त्या ऐकेनात. शेवटी म्हणाल्या, सुरुवातीला मनोगत असतं, तिथं काय लिहायचं ते तुमचं. मी तिथं पाऊण पान लिहिलं. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. ती वही म्हणजे बातमी होती, २०१६ च्या मार्चमधली.

तोंडी परीक्षा मोबाईलवर झाली. गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसलो, रेंज तिथंच येते. बहिःस्थ परीक्षकांनी विचारलं, स्वतःच्या बातम्या नमुन्यात कशा ठेवल्या, हा पूर्वग्रह नाही का? मी दुसऱ्या कोडरचं सांगितलं. ते म्हणाले, आणि त्या वगळल्या असत्या तर? मी म्हणालो, तर माझ्या दैनिकाच्या त्या तालुक्याच्या बातम्याच उरल्या नसत्या सर, तिथं मी एकटाच होतो. ते हसले असावेत. पडदा तेवढ्यात गोठला होता, हसू तसंच राहिलं.

ऑक्टोबरमध्ये शेवटच्या सत्राची परीक्षा झाली आणि मी एम.ए. झालो. तालुका प्रतिनिधी परत झालो नाही. आता एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे, पगार आहे, फार नाही. मी आता तालुक्यांतून येणाऱ्या बातम्या खालून कापतो. ‘सागर’ दिसला की काढतो. ‘सांगण्यात आले’ दिसलं की फोन करून विचारतो, कुणी सांगितलं? प्रतिनिधींमध्ये माझं नाव ‘कुणी सर’ पडलंय असं कानावर आलंय.

मागच्या उन्हाळ्यात एका प्रतिनिधीची टँकरची बातमी आली. सरपंच बाई, आणि खाली ‘सरपंच म्हणाले’. फोन लावला.

“सरपंच बाई आहेत ना?”

“बाईच आहेत सर, पण बोलतात मालक.”

“बाईंशी बोलून घ्या.”

“सर, साडेसात वाजलेत.”

डाक आवृत्तीचं, म्हणजे बाहेरगावी जाणाऱ्या अंकाचं, पान आठला सोडायचं असतं. बाईंचा नंबर त्याच्याकडं नव्हता, मालक शेतात होते, आणि मला खाली आणखी दोन तालुके लावायचे होते. मी ‘सरपंच म्हणाले’ खोडलं, ‘सरपंचांचे पती म्हणाले’ असं केलं आणि पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास त्या गावातून कार्यालयात तक्रारीचा फोन आला. बातमीत सरपंचांचा अपमान झालाय, खुलासा छापा, असं म्हणणं होतं. फोनवर पती होते.